आजोबा खदानीत होते, पण आले कुठून? बल्लारपूरच्या एका कुटुंबाच्या शोधाविषयी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबा बल्लारपूरच्या कोळसा खदानीत कामाला होते. वडिलांचा जन्म कॉलरीच्या क्वार्टरमधला. आजोबा १९८०च्या आसपास निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. घरी त्यांचा एक पितळी बिल्ला आणि एक फोटो आहे. ते मूळचे कुठले हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. आत्या म्हणतात तेलंगणातले, काका म्हणतात बिलासपूरकडचे. तुम्ही पुण्याहून येऊन नगरपालिका आणि तहसील पालथी घातली, हाती काही लागलं नाही. आता मूळ गाव कसं शोधायचं, आणि जमलं तर बल्लारपूरच्या जुन्या खदानींबद्दलही लिहायचं आहे.

मी चंद्रपूर-बल्लारपूर भागात बरीच वर्षं अशी कागदपत्रं शोधायला लोकांना मदत करतो आहे. कुणाला जातपडताळणीसाठी हवी असतात, कुणाला पेन्शनसाठी, आणि अलीकडे तुमच्यासारखे, नुसतं कळावं म्हणून शोधणारेही येतात. त्यांच्यासाठी वेळ द्यायला मला सगळ्यांत जास्त आवडतं.

तुमची खरी अडचण बल्लारपूरमध्ये कागद नाहीत ही नाही. तुम्ही शेतकऱ्याचे कागद शोधत होता. सातबारा, फेरफार, घरपट्टी ही जमीन किंवा घर असलेल्या माणसाची नोंद. खदान कामगाराकडे शेत नव्हतं आणि राहतं घर कंपनीचं होतं. त्यामुळे महसुली दप्तरात तो सापडत नाही. तो सापडतो कामाच्या दप्तरात, मुलांच्या शाळेत आणि त्याच्याबरोबर आलेल्या टोळीच्या आठवणीत. शोध याच क्रमाने करा.

कामाचं दप्तर आधी. आजोबांच्या काळच्या खाण कायद्याप्रमाणे प्रत्येक खदानीला कामगारांचं रजिस्टर ठेवावं लागे. त्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. त्यात नाव, बापाचं नाव, वय, कामाला लागल्याची तारीख, हुद्दा, सही किंवा अंगठा, आणि तुमच्यासाठी सोन्यासारखा रकाना म्हणजे कायमचा पत्ता : गाव, ठाणा, जिल्हा. यातला ठाणा फार महत्त्वाचा. एकाच नावाची दहा गावं असतात, पण कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं ते कळलं की गाव नेमकं ठरतं.

आजोबा १९८०च्या सुमारास निवृत्त झाले ही तुमच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू. कोळसा खदानी सरकारने १९७३ मध्ये ताब्यात घेतल्या आणि १ मे १९७३ पासून त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिच्याखालची वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे आपली डब्ल्यूसीएल, उभी राहिली. खाजगी कंपनीकडून ज्यांची नोकरी सरकारकडे आली त्यांची नोंद पुढच्या दप्तरात यावीच लागली. १९७३च्या आधीच काम सोडलेल्या किंवा वारलेल्या माणसाचा शोध याहून बराच कठीण जातो, कारण खाजगी कंपन्यांचं जुनं दप्तर कुठे नीट हस्तांतरित झालं, कुठे नाही.

दुसरं ठिकाण भविष्य निर्वाह निधी. कोळसा कामगारांचा पीएफ सर्वसाधारण ईपीएफमध्ये नसतो. १९४८च्या कायद्याने त्यांची वेगळी संस्था झाली, सीएमपीएफ, म्हणजे कोल माइन्स प्रॉव्हिडंट फंड. तिचं मुख्यालय धनबादला आणि एक प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. निधीच्या नामनिर्देशनाच्या फॉर्मवर वारसांची नावं, नातं आणि वय असतं. आजीचं पूर्ण नाव, लहानपणी गेलेली भावंडं, गावी राहणारी आजोबांची आई, असे घरच्यांच्या स्मरणातून गेलेले लोक मला या एका कागदावर भेटलेले आहेत. जुन्या ट्रंकेत सीएमपीएफ नंबर असलेली एखादी पावती, पगाराची चिठ्ठी किंवा पेन्शनचा कागद आहे का ते आधी पाहा. नंबर हाती असला की कार्यालयातलं काम कितीतरी सोपं होतं.

अर्ज कसा करायचा यावरही बरंच अवलंबून आहे. लोक थेट माहिती अधिकारात अर्ज टाकतात आणि 'ही व्यक्तिगत माहिती आहे' असं उत्तर आलं की निराश होतात. माझा सल्ला : आधी वारस म्हणून संबंधित खदानीच्या किंवा एरिया ऑफिसच्या कार्मिक विभागाकडे साधा अर्ज द्या. सोबत आजोबांचा मृत्यूदाखला, वडिलांचा शाळेचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडा. मागणी नेमकी ठेवा : फॉर्म बीमधली नोंद आणि असल्यास सर्व्हिस रेकॉर्डची प्रत. 'सगळी माहिती द्या' असा अर्ज कुठल्याच टेबलावर पुढे सरकत नाही. त्यातून काही झालं नाही तर मग माहिती अधिकार, तोही याच नेमक्या मागणीचा. बल्लारपूर आणि चंद्रपूर हे डब्ल्यूसीएलचे दोन वेगळे एरिया आहेत. आजोबांची बदली लालपेठ, महाकाली, रयतवारी अशा चंद्रपुरातल्या खदानीत झाली असेल तर कागद तिकडे गेलेला असू शकतो.

बिल्ल्याविषयी. बिल्ला दोन कामांसाठी असायचा, हाजरीसाठी आणि दिव्यासाठी. लॅम्परूममध्ये बिल्ला ठेवून दिवा न्यायचा, वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला घ्यायचा. खाली कोण राहिलं ते त्यावरून कळायचं. दिव्याचा नंबर एकाकडून दुसऱ्याकडे जात असे, म्हणून नुसत्या आकड्यावरून माणूस ठरवू नका. त्यावरची अक्षरं मात्र नीट वाचा. ती खदानीची किंवा जुन्या कंपनीची असतात, आणि त्यावरून कोणत्या दप्तरात जायचं ते ठरतं.

आता नावं. फॉर्म बी हातात आला तरी आजोबा ओळखू येतीलच असं नाही. हाजरीबाबूने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. तेलुगू घरांमध्ये घराण्याचं नाव आधी येतं. बाबूने ते सोडून दिलेलं असतं आणि 'रामलू वल्द पोचम', म्हणजे पोचमचा मुलगा रामलू, एवढंच राहतं. पुढे शाळेत मुलाच्या नावापुढे आडनाव हवं म्हणून मास्तरांनी आजोबांचं नाव, गाव किंवा जात, जे सुचलं ते लावलं. त्यामुळे तुमचं आजचं आडनाव आजोबांच्या कागदावर नसण्याचीच शक्यता अधिक धरा. आजोबा आणि पणजोबा या दोन नावांची जोडी शोधा. वयावरही भरवसा ठेवू नका, ते बहुतेक वेळा अंदाजाने लिहिलेलं असतं.

धर्म आणि जातीचा रकाना बदललेला दिसला तर गोंधळू नका. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, दीक्षा दिली. त्यामुळे या भागातल्या एकाच घरात थोरल्या मुलाच्या दाखल्यावर एक नोंद आणि धाकट्याच्या दाखल्यावर 'बौद्ध' असं मला अनेकदा दिसलं आहे. माणसं तीच.

एक नाजूक गोष्ट आताच सांगतो. खदानींत दुसऱ्याच्या नावावर नोकरी केल्याची उदाहरणं आहेत. भावाच्या जागी भाऊ, मामाच्या जागी भाचा. शोधात असं काही निघालं तर ते घरातच ठेवा. त्या कागदावर आजही कुणाची तरी पेन्शन चालू असू शकते.

शाळेचा दाखल-खारीज, म्हणजे मुलं आली-गेली त्याची नोंदवही, हा माझा सगळ्यांत आवडता कागद. वडील आणि काका ज्या प्राथमिक शाळेत गेले तिथलं रजिस्टर बहुतेक जपलेलं असतं, कारण जातपडताळणीसाठी लोक सतत मागायला येतात. त्यात जन्मस्थान, मातृभाषा, जात, पालकाचा धंदा आणि आधीची शाळा असते. आधीची शाळा बल्लारपूरबाहेरची निघाली तर कुटुंब मधल्या काळात कुठे होतं ते कळतं. जवळपासच्या पोरांच्या नोंदीही वाचायची परवानगी मागा. का, ते आता सांगतो.

तुमचं मूळ गाव आजोबांच्या कागदावरून मिळालं नाही तरी शेजाऱ्याच्या कागदावरून मिळू शकतं. त्या काळी माणूस खदानीत एकटा येत नसे. सरदार किंवा ठेकेदार आपल्या पंचक्रोशीत फिरायचा, आगाऊ पैसे द्यायचा आणि वीस-पंचवीस जणांची टोळी घेऊन यायचा. ती टोळी क्वार्टरांच्या एका लाईनीत राहायची, एका पाळीत उतरायची, आपसांत सोयरिकी करायची. म्हणून मी विचारतो : आजोबांच्या क्वार्टरच्या डावीउजवीकडे कोण राहत होतं? लग्नात मामा म्हणून कोण उभं राहिलं? वारले तेव्हा खांदा कुणी दिला? त्या घरांपैकी एकाला जरी आपलं गाव ठाऊक असलं, तरी तुमचं गाव तिथून फार लांब नसतं. निम्म्याहून अधिक वेळा मला गाव याच वाटेने सापडलेलं आहे.

आत्या आणि काकांच्या वादाचा निकालही इथेच लागेल. कदाचित दोघंही बरोबर असतील. आजोबा एकीकडचे, आजी दुसरीकडची, असंही बल्लारपुरात घडलेलं आहे. आत्यांना गावाचं नाव विचारू नका, ते त्यांनी आठवून आठवून सोडून दिलेलं असेल. घरातले रिवाज विचारा. भाद्रपद-आश्विनात फुलांची बतुकम्मा मांडत होते का? पोचम्माला कोंबडं जायचं का? की भोजली आणि जवारा होता? की छठीला वर्धा नदीवर जायचे? रागावल्यावर आजी कोणत्या भाषेत बोलायची? पहिल्या दोन गोष्टी तेलंगणाकडे नेतात, भोजली छत्तीसगडाकडे, छठ गोरखपूर-बिहारकडे. गोंड कुटुंब असेल तर परधानांना विचारा. गोंड कुळांच्या वंशावळी गाऊन सांभाळणं हेच त्यांचं परंपरेचं काम.

गाडीचाही प्रश्न विचारा : गावी जायला कुठून बसत? काझीपेठ-बल्लारशा (बल्लारशा म्हणजे बल्लारपूरचं स्टेशन) लाईन १९२९ मध्ये पूर्ण झाली आणि तेलंगणातल्या माणसाला इथवर थेट गाडी मिळाली. छत्तीसगडची माणसं गोंदियाकडून छोट्या गाडीने चांदा फोर्टला उतरायची. 'आम्ही चांदा फोर्टवरून बसायचो' एवढं एक वाक्य आत्यांना आठवलं तर अर्धा नकाशा बाद होतो.

गाव कळलं की ते आज कुठल्या जिल्ह्यात आहे ते तपासा, जुन्या कागदावरच्या जिल्ह्यात जाऊन उभे राहू नका. जुन्या बिलासपूरचे जांजगीर-चांपा, कोरबा, मुंगेली असे जिल्हे झाले. तेलंगणात २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद आणि करीमनगरचे कितीतरी तुकडे झाले. आपल्याकडे सिरोंचा १९८२ पासून गडचिरोलीत आहे. छत्तीसगडात गाव निघालं तर तिथल्या रेकॉर्डरूममध्ये १९२०च्या दशकातल्या बंदोबस्ताची, म्हणजे जमीनमहसूल ठरवतानाच्या नोंदींची, मिसल मागा. त्यात पणजोबांचं नाव, जात आणि जमीन मिळण्याची चांगली शक्यता असते.

बल्लारपूरच्या आजूबाजूच्या खदानींविषयी लिहिणार असाल तर एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. वर्धा नदीच्या दोन्ही काठांना एकच कोळसा आहे, पण राज्यं तीन होती. चांदा जिल्हा मध्य प्रांतात. नदीपलीकडचा वणी-राजूरचा भाग वऱ्हाडात. यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हाच म्हणत. आणि राजुरा, म्हणजे सास्ती खदानीचा भाग, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राजुरा १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये आपल्या जिल्ह्यात आला. त्यामुळे बल्लारपूरच्या जुन्या सरकारी फायली राज्य पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात शोधायच्या, तर नदीपलीकडे दिसणाऱ्या सास्तीच्या हैदराबादला, तारनाक्याच्या पुराभिलेखागारात, आणि तिथले बरेच कागद उर्दूत. पूल ओलांडला की दप्तर बदलतं हे ध्यानात न आल्यामुळे चांगले अभ्यासक अडलेले मी पाहिले आहेत. आजोबा आधी सास्तीला आणि मग बल्लारपूरला असतील, तर तुमच्याही शोधाला हे लागू आहे.

छापील साधनांत १९०९ चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर आणि महाराष्ट्र शासनाचं चंद्रपूर गॅझेटियर ही दोन आधी वाचा, दोन्ही ऑनलाइन मिळतात. त्यातून कळेल की या भागातली पहिली मोठी सरकारी खदान वरोऱ्याची. ती १८७०च्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि १९०६ मध्ये ती बंद पडली. तिथला कोळसा संपत आला तेव्हा सरकारने बल्लारपूरला खदान काढली. म्हणजे बल्लारपूरची सगळ्यांत जुनी काही कामगार घराणी वरोऱ्याहून आलेली असणार. त्या दृष्टीने विचारपूस करा. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव 'बल्लालपूर' असंही येतं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर शोधताना दोन्ही नावं घालून पाहा.

जनगणनेकडून फार अपेक्षा ठेवू नका. विलायतेत घरोघरच्या जुन्या यादीतून माणूस सापडतो, तसं इथे होत नाही. आपल्याकडे व्यक्तीची नोंद पाहायला मिळत नाही. १९५१ आणि १९६१ ची जिल्हा पुस्तिका मात्र गावाचं चित्र उभं करायला उपयोगी आहे.

अपघात झाला असेल तर कागद हमखास असतो. १९०२ पासून खाण निरीक्षणालय आहे आणि त्याच्या वार्षिक अहवालांत प्राणघातक अपघातांची माहिती येते. १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असल्यामुळे दूरच्या खदानींच्या बातम्याही नागपूरच्या वर्तमानपत्रांत येत. छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिखलीच्या खदानीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी शिरून ६३ कामगार गेले; त्या वेळचे 'हितवाद' आणि 'तरुण भारत'चे अंक याच कारणासाठी पाहावेत. औद्योगिक लवादांचे निवाडेही बघा. कामावरून काढलेल्या, बढती नाकारलेल्या कामगारांची नावं त्यांत असतात, आणि साध्या कामगाराचं म्हणणं सरकारी कागदावर येण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

आजीला विसरू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. 'आजी घरीच होती' असं सगळे म्हणतात. १९३७ मध्ये बायकांना खदानीत खाली उतरवायला बंदी झाली. महायुद्धात १९४३ मध्ये ती उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू केली. जमिनीवरच्या कामाला तर ही बंदी नव्हतीच. युद्धाच्या काळात केंद्रात मजूर खात्याचा कारभार बाबासाहेबांकडे होता. बंदी उठवल्यावरून कायदेमंडळात त्यांना जाब विचारला गेला, आणि १९४४ मध्ये कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. शासनाने छापलेल्या त्यांच्या भाषणांच्या दहाव्या खंडात हे सगळं आहे. आजी तुमच्या हिशोबाने त्या काळातली असेल तर आत्यांना सरळ विचारा : आजी टोपली उचलायची का, हाजरी लावायची का? पूर्वी हे सांगायला घरांना संकोच वाटायचा. आता विचारलं की आत्या, मावश्या तासभर बोलतात.

तुमच्याकडे सुट्टीचे थोडेच दिवस आहेत असं धरून चालतो. पहिल्या खेपेत फक्त माणसं भेटा आणि शाळेत जा. कार्यालयांचे अर्ज पुण्याहून टपालाने किंवा ऑनलाइन आधीच टाकून या. ऐंशीच्या पुढचा एखादा निवृत्त ओव्हरमन, मायनिंग सरदार किंवा हाजरीबाबू शोधा. त्यांच्यासमोर फोटो ठेवा, मोठा कोरा कागद ठेवा आणि जुन्या लाईनींचा नकाशा काढायला सांगा : इन्क्लाईन (खाली उतरणारा तिरपा बोगदा) कुठे, पिट (उभी विहीर) कुठे, लॅम्परूम, दवाखाना, बाजार, कोणत्या लाईनीत कुठले लोक. क्वार्टरं पाडली जात आहेत, ओपनकास्टने, म्हणजे उघड्या खदानींनी, आणि मातीच्या ढिगांनी वस्त्या गिळल्या आहेत. जुनी जागा दाखवणारा नकाशा आता त्या माणसांच्या डोक्यातच आहे. बोलणं रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या आणि कुठली गोष्ट छापायची नाही तेही त्यांनाच विचारा. दम्याचा आणि कर्जाचा विषय त्यांनी काढला तरच बोला.

जे जमेल त्याच्या दोन प्रती करा. एक बल्लारपुरात, शाळेत किंवा सार्वजनिक वाचनालयात ठेवा, म्हणजे त्याच लाईनीतल्या दुसऱ्या नातवाला ती सापडेल. नकाशावरच्या शेजाऱ्यांची नावं त्यांच्या घरच्यांना दाखवून मगच पक्की करा. आणि फॉर्म बीचं उत्तर आलं की गावाचं आणि ठाण्याचं नाव जसं लिहिलंय तसं, एकही अक्षर न सुधारता, इथे लिहा. आज ते कुठे आहे हे शोधायला मी मदत करीन.